कलावतीला सॅक्सोफोन चालतो, मालकंसाला जपून

राग आणि जॅझ एकत्र आले की आपल्याकडे दोनच सूर निघतात. एक म्हणतो, रागाची वाट लावली. दुसरा म्हणतो, वा, काय फ्यूजन आहे! दोघांनीही रेकॉर्ड दुसऱ्या बाजूपर्यंत ऐकलेली असतेच असं नाही. मिसळावं की मिसळू नये, हा वाद मला निरर्थक वाटतो. कोणत्या रागात काय बसतं आणि ते कोणी बसवलं, एवढंच बघावं.

मी बीदरचा. घरात मराठी, गल्लीत दखनी, कचेरीत कन्नड. भेसळीच्या तक्रारीनं आमच्या अंगावर काटा येत नाही. (आता बिदरी कलाकुसरीची उपमा येणार, असं वाटलं असेल. देणार नाही. ती बिचारी फार राबली आहे.) पण माझा कान तयार झाला तो हुमनाबादजवळच्या माणिकनगरात. माणिकप्रभू संस्थानात दत्तजयंतीला गाण्याचा दरबार भरतो, तिथे सतरंजीवर बसून ऐकलेले राग डोक्यात पक्के आहेत. त्यामुळे रागाला धक्का लागला की मलाही कळतं, आणि नुसती सतार वाजवली म्हणून मी भुलत नाही.

सगळ्यात आधी ऐकावी ती ‘रागा जॅझ स्टाइल’. शंकर-जयकिशन यांची, 1968 सालची. एका एलपीवर अकरा राग: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी रीतसर भैरवी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, बासवर एडी ट्रावास, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत. सिनेमाच्या गाण्यांमधून देशभर पोचलेली ही मंडळी इथे नायक-नायिकेच्या तावडीतून सुटलेली आहेत, आणि ती मोकळीक ऐकू येते.

अकरा राग म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं. एवढ्यात आलाप कुठला? म्हणून ‘हा तोडी नव्हेच’ म्हणणाऱ्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. तोडीचा गंधार जिथे रेंगाळायला हवा, तिथे पुढची मात्रा येऊन उभी राहते. पण त्यावरून अख्खी रेकॉर्ड निकालात काढणं हा आळस झाला. कारण खरा पेच वेळेचा नाही, कॉर्डचा आहे.

पेटी घ्या, पांढरी एकचा सा धरा. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. आता साच्या पायावर साधा कॉर्ड धरायला गेलात, तर सा, कोमल गंधार आणि पंचम. संपला मालकंस. आमच्याकडचा भजनी मंडळातला पेटीवालासुद्धा मालकंस म्हटलं की पंचमाच्या पट्टीवरचं बोट उचलून मध्यमावर ठेवतो. तेच पियानोवाल्याला आणि गिटारवाल्याला करावं लागतं. मध्यम, कोमल धैवत आणि वरचा सा, असा कॉर्ड रागात बसतो, पण मग कान मध्यमालाच घर समजू लागतो. तंबोरा सोबत नसेल तर ऐकणारा पाहता पाहता दुसऱ्याच घरात जाऊन बसतो.

याउलट कलावती. सा, गंधार, पंचम, धैवत, कोमल निषाद. यातला धैवत क्षणभर बाजूला ठेवा. उरलेले चार स्वर म्हणजे जॅझवाले ज्याच्यावर जगतात तो सातव्या स्वराचा कॉर्ड, जसाच्या तसा. प्रभा अत्रे यांचा कलावती कानात असलेल्या माणसालाही त्यावर सॅक्सोफोन आला तर दचकायला होत नाही, कारण बाहेरून काही आणावंच लागत नाही. धानीचंही तेच. ब्लूजवाल्यांचे पाच स्वर आणि धानीचे पाच स्वर एकच आहेत. चाल वेगळी, कणस्वर वेगळे, पण माल एका गोदामातला. म्हणून ‘शास्त्रीय आणि जॅझ जमतं का’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. राग कोणता ते आधी सांगा.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचं या बाबतीत सोपं आहे. फ्रान्सच्या जाक लूसिए यांनी 1959पासून पियानो, बास आणि ड्रम्सवर बाख वाजवायला घेतला आणि तो धो धो चालला. बाखमध्ये खालून चालणारा बास आणि कॉर्डची रांग आधीपासूनच आहे. ड्रमवाल्यानं लय सैल केली की काम झालं. आपल्याकडे वाट उलटी आहे. जॅझनं कॉर्ड कमी केले तेव्हा तो रागाजवळ आला. 1959मध्येच माइल्स डेव्हिस यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’त एकेका स्वरपंक्तीवर ठाण मांडून वाजवलं. दोन वर्षांनी जॉन कोल्ट्रेन यांनी ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली. पुढे मुलाचं नाव त्यांनी रविशंकरांवरून रवी ठेवलं. तिकडे सतार नाही की तबला नाही, तरी मला त्यात आपलं काही जास्त सापडतं. नुसती सतार आणून बसवली म्हणून राग येत नाही.

‘हे हिप्पींच्या काळातलं खूळ’ असंही ऐकतो. तसं नाही हो. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवत होते, आणि नोटेशन वाचणारे गोव्याचे वादक तिथूनच सिनेमाच्या स्टुडिओत आले. त्यांतलेच एक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं, आणि 1951च्या ‘अलबेला’त तर ते बँडसकट पडद्यावर दिसतात. शंकर-जयकिशनकडे अनेक वर्षं अरेंजर होते सेबॅस्टियन डिसूझा, तेही गोव्याचे. पेटीवर सुचलेली चाल साठ वादकांच्या कागदावर उतरवणारा हा माणूस. चित्रपटाच्या रेकॉर्डवर त्याचं नाव शोधायला भिंग घ्यावं, आणि तरी बहुधा मिळू नये.

तिकडे असं नाव कव्हरवर आलेलंही दिसतं. ड्यूक एलिंग्टन यांनी 1960मध्ये चायकोव्स्कीचा ‘नटक्रॅकर’ जॅझमध्ये बांधला, तेव्हा सोबतीला बिली स्ट्रेहॉर्न होते. वर्षानुवर्षं एलिंग्टनच्या सावलीत काम केलेल्या या माणसाचं नाव आणि फोटो त्या रेकॉर्डच्या कव्हरवर एलिंग्टनबरोबर छापले गेले.

अशी नावं सापडली तर कव्हरवरच सापडतात, म्हणूनच रेकॉर्ड जमवण्याच्या नादाला मी नाद म्हणत नाही. हैदराबादच्या जुमेरात बाजारात हे सगळं एकाच ढिगात असतं. ‘अंग्रेजी बाजा है साब, लेलो,’ म्हणून विक्रेता एलिंग्टनही देतो आणि रागा जॅझही. हल्ली मात्र मोठ्या शहरांतले हौशी लोक अशा एलपी चढ्या भावानं घेऊन चौकटीत लावतात. भिंतीवरची रेकॉर्ड वाजत नाही. माझ्या रेकॉर्डवर चरे आहेत, एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरचा हात जड, त्यानं मियाँ मल्हार थोडा खरवडला आहे. पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, उन्हाळ्यात आडवी ठेवलेली रेकॉर्ड वाकते. उभी ठेवावी, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं खोबणीच्या दिशेनं पुसावी, आणि वाजवावी.

संग्रह म्हणजे काय, ते मुंबईत 1990मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं दाखवलं. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी लेबलं, नंबर, वादक यांच्या नोंदी करून त्या ‘द रेकॉर्ड न्यूज’मध्ये छापल्या. रागा जॅझच्या वादकांची नावं टिकली. त्या काळातल्या बहुतेक वादकांची टिकली नाहीत. मोबाइलवर गाणं लावलं की पडद्यावर संगीतकार आणि गायक दिसतात, बासवाला कोण, ट्रम्पेट कोणाचा, ते नाही. जुन्या रेकॉर्ड नव्यानं काढून महागात विकणाऱ्या कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच आहे: चकचकीत रंगीत व्हायनल नको, सोबत एक कागद द्या. त्यावर प्रत्येक वादकाचं आणि अरेंजरचं नाव, वाद्य आणि ध्वनिमुद्रणाची तारीख छापा. अंगणवाडीच्या हजेरीपटावरही सध्या मिळते त्याहून जास्त माहिती असते.