अणुसुरक्षेचा पहिला धडा

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन म्हणून जसे ओळखले जाते, तसेच केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण महाविद्यालयामुळेही. गणवेशातील जवान नित्य पाहणाऱ्या आपल्यासारख्यांची समजूत सहजच अशी होते की, सुरक्षा म्हणजे बंदूक, कुंपण आणि पहारा. अणुऊर्जेच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे. अनेक देश प्रथमच या ऊर्जेकडे वळत असताना तिचा पुनर्विचार करणे अगत्याचे आहे.

संयुक्त अरब अमिरातीतील बराका येथील पहिली अणुभट्टी २०२० साली वीजजाळ्याला जोडली गेली. बांगलादेशाने रूपपूर येथे, तुर्कस्तानने अक्कुयू येथे आणि इजिप्तने अल दबा येथे रशियाच्या साहाय्याने अणुवीज प्रकल्प उभारणीस घेतले. भट्टी विकत घेता येते. त्यासाठी कर्जही मिळते. ती सांभाळण्याची शिस्त मात्र विकत मिळत नाही. अपघात टाळण्याची दक्षता म्हणजे सुरक्षितता, तर चोरी, घातपात व अनधिकृत हाताळणी रोखण्याची व्यवस्था म्हणजे सुरक्षा. या दोन्ही गोष्टी अखेर माणसांच्या सवयींवरच अवलंबून असतात.

एके काळी आपणही या क्षेत्रात नवखेच होतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन कंपनीने उभारल्या आणि १९६९ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. परंतु डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने तुर्भे येथे प्रशिक्षण शाळा निघाली ती १९५७ साली, म्हणजे तब्बल बारा वर्षे आधी. यंत्र येण्यापूर्वी माणूस तयार असला पाहिजे, हे त्यामागील सूत्र होते. पुढे एप्रिल २०१० मध्ये वॉशिंग्टन येथील अणुसुरक्षा शिखर परिषदेत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र स्थापण्याची घोषणा केली. हरियाणातील या केंद्राच्या योजनेत अणुसुरक्षेच्या अध्ययनासाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला. २०१७ साली या केंद्राने बांगलादेशाच्या अणुऊर्जा आयोगाशी सहकार्याचा करारही केला. कालचा विद्यार्थी आज शिक्षक झाला, ही अभिमानाची गोष्ट खरीच.

परंतु त्याच एप्रिल महिन्यात दिल्लीत काय घडले, हे विसरून चालणार नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले एक संशोधनयंत्र वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. त्यातील किरणोत्साराने एका कामगाराचा मृत्यू झाला व इतर काही जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. येथे कोणी कुंपण तोडले नव्हते की पहारेकऱ्याला चुकवले नव्हते. एक वस्तू विद्यापीठाच्या व्यवहारातूनच बाहेर गेली. ती काय आहे, एवढेच कोणी विचारले नाही. शिक्षकांना आणि लिपिकांना डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते सांगावयास नको. त्या रजिस्टरातील एका नोंदीकडे दुर्लक्ष झाले तर केवढा अनर्थ ओढवतो, हे मायापुरीने दाखवून दिले.

असे पदार्थ केवळ अणुवीज केंद्रांतच असतात असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात कांद्यावर विकिरण प्रक्रिया करण्यासाठी कोबाल्टच वापरला जातो. कर्करोगाच्या उपचारांतही त्याचा उपयोग होतो. म्हणूनच नवख्या देशांना द्यावयाचे शिक्षण हे शास्त्रज्ञ आणि सशस्त्र रक्षक यांच्यापुरते मर्यादित राहता कामा नये. भांडारपाल, हिशेबनीस, सीमाशुल्क अधिकारी आणि भंगार व्यापारी हेही त्या शिक्षणाच्या कक्षेत आले पाहिजेत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे एक अडचण आहे. सुरक्षेवरील खर्च ताळेबंदात दिसतो. तिचा लाभ, म्हणजे न घडलेली दुर्घटना, कोठेच दिसत नाही. शिवाय एका देशाच्या हलगर्जीपणाची किंमत त्याच्या शेजाऱ्यांनाही मोजावी लागते. चोरीस गेलेला पदार्थ सरहद्द ओळखत नाही. त्यामुळे एखाद्या गरीब देशाने या शिक्षणात काटकसर करणे स्वाभाविक असले तरी इतरांनी ती होऊ देणे शहाणपणाचे नाही. बांगलादेशाच्या माणसांना शिकवणे हा म्हणूनच आपला निव्वळ परोपकार नाही.

आपल्या चुका परक्यांपुढे का मांडाव्यात, असा आक्षेप घेतला जाईल. पहाऱ्याचा तपशील गुप्त ठेवणे योग्यच आहे. परंतु चुकीपासून घ्यावयाचा बोध गुप्त ठेवून कोणाचेच हित होत नाही. २०१९ साली कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय संगणकव्यवस्थेत घातक प्रणाली शिरल्याच्या वार्तेबाबत प्रथम इन्कार करण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी ती आढळल्याची कबुली द्यावी लागली. नियंत्रणव्यवस्था त्यापासून अलग होती, हे खरे. पण त्या इन्काराने विश्वासाला तडा गेलाच.

वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असा की, स्वतःची चूक फळ्यावर दुरुस्त करणाऱ्या शिक्षकावरच विद्यार्थी विश्वास ठेवतात. आपल्या अभ्यासक्रमात तारापूरचे यश अवश्य असावे. पहिला धडा मात्र मायापुरीचा असला पाहिजे. आणि तो बांगलादेशाला शिकवण्यापूर्वी आपल्या प्रयोगशाळांनी, रुग्णालयांनी व कार्यालयांनी स्वतः गिरवला पाहिजे.