पोराला रायफल घेताना

वर्षातून दोन-तीन बाप तरी आमच्या ओसरीवर येऊन बसतात. चहा होतो, कापसाच्या भावाची गोष्ट होते, आणि मग घसा खाकरून मूळ मुद्दा निघतो, "आबा, पोऱ्याले रायफल लेवानी शे. सस्तात कोनती भेटी?"

2024 च्या ऑगस्टनंतर असे बाप वाढले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि इकडे साक्री-शिरपूरपासून चोपडा-अमळनेरपर्यंत पोरांना वाटायला लागलं की आपणही खेड्यातलेच, आपल्यालाही जमेल. वाटलं ते चांगलंच झालं. माझं भांडण पोरांशी नाही, बापांशीही नाही. ते आहे पारावर बसून या बापांना फुकटचा सल्ला देणाऱ्यांशी.

सल्ला ठरलेला असतो. "लेवानीच शे ते मोठी ले. डुकरं बी मारता येतीन." म्हणजे एकाच बंदुकीत पोराचं पदक, शेताची राखण आणि गावात वट. तीन गिऱ्हाइकांना एकच सदरा शिवला की तो कोणालाच बसत नाही.

डुकरांचं आधी बोलू. त्रास खरा आहे. एका रात्रीत मका लोळवतात, भुईमूग उकरून टाकतात. पण 'बावीस' म्हणजे नळीचं तोंड 0.22 इंचाचं, साधारण 5.6 मिलिमीटर. तिची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची. ती कागदावरच्या वर्तुळासाठी केलेली आहे. रानडुकराला लागली तर ते बहुधा जागेवर पडत नाही, जखमी होऊन मक्यात शिरतं आणि सकाळी पाणी भरायला गेलेल्या सालदाराच्या अंगावर येतं. नेम चुकला तर तीच इवलीशी गोळी दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. आपल्या काळ्या सपाट रानात दीड किलोमीटरच्या आत किती बाया निंदायला बसलेल्या असतात ते मोजा, मग बोला. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. नुकसान झालं तर पंचनामा करून घ्या, भरपाईसाठी वनखात्याच्या मागे लागा, त्यासाठी मोर्चा काढा, मी पुढे चालतो. पण पोराच्या खेळाच्या नावानं शिकारीची बंदूक घरात आणू नका.

कोणी कानात सांगतं, डोंगराकडे गावठी स्वस्तात मिळते. ती स्वस्त नसते. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बिनपरवान्याचं हत्यार सापडलं की पोराला पदक मिळत नाही, तुरुंग मिळतो, आणि वकिलाच्या पैशात बापाची दोन एकर जाते.

मग घ्यायचं काय? कॉलेजात मी एनसीसीत होतो आणि पुढे बारा वर्षं शाळेतल्या पोरांना नेम शिकवला, त्या जोरावर सांगतो. पहिली रायफल छर्ऱ्याची घ्या, 4.5 मिलिमीटरची. तिची ताकद 20 ज्यूलच्या आत असली तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. बावीसला लागतो, आणि 21 वर्षांच्या आतल्या पोराच्या नावानं तो सहसा निघतही नाही. छर्ऱ्याची रायफल घेताना दुकानातून पावती घ्या, ओळखपत्राची नोंद करून घ्या. दुर्बिणीची हौस नको, साध्या माशीवर डोळा बसू द्या. रायफल पोराच्या खांद्याला लावून बघा. दस्ता लांब असेल तर पोरगं मान वाकडी करतं, आणि एकदा वाकडी बसलेली मान सरळ करताना वर्ष जातं. घोडा दाबून बघा. दरवेळी एकाच जागी, एकाच जोरानं सुटला पाहिजे. स्प्रिंगची असेल तर छर्रा न घालता उडवू नका, आतून खराब होते.

आणि सगळे पैसे रायफलीत घालू नका. जवळ दहा रुपये असतील तर पाच-सहा रायफलीला, उरलेले छर्ऱ्यांना, कागदाच्या निशाणांना आणि शिकवणाऱ्याकडे जायच्या एसटीच्या भाड्याला. म्हैस विकून जर्मन रायफल घेतलेली आणि मग छर्ऱ्यांना पैसे नाहीत म्हणून कपाटात उभी केलेली मी पाहिली आहे. साध्या रायफलीवर रोज पन्नास छर्रे मारणारं पोरगं भारी रायफलीच्या मालकाला मागे टाकतं, हेही पाहिलं आहे. दहा मीटरच्या स्पर्धेत दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बाजरीच्या दाण्याहून बारीक. तो पैशानं मोठा होत नाही.

बावीस हातात धरायचीच असेल तर आधी फुकट धरा. कॉलेजात एनसीसी असेल तर पोरा-पोरींना तिथे घाला. कॅडेटला बावीसवर नेम शिकवतात, उस्ताद मागे उभा असतो, आणि नळी कुठे रोखायची नाही हे तो पहिल्या दिवशी शिकवतो. अंजली भागवतांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली. स्वप्नीललाही घडवलं ते सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनं, तेही आपल्या शेजारच्या नाशकात. मोठी बंदूक विकत घेऊन कोणी त्यांना नेमबाज केलं नाही. त्यांना जागा मिळाली, शिकवणारा मिळाला.

म्हणून माझी तक्रार शेवटी सल्लागारांपाशी थांबत नाही. खेड्यातल्या बापाला रायफल विकत घ्यावी लागते, कारण गावाजवळ नेम शिकायला जागा नाही. छर्ऱ्याच्या रायफलीला लागतं तरी काय? दहा मीटर. आमच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंतचं अंतर. मागे भक्कम आडोसा, दोन्ही बाजू बंद, येण्याजाण्याला एकच दार. आमच्याकडे कापसाची जुनी गोदामं ओस पडली आहेत. तालुक्याला एक गोदाम, सहा रायफली आणि पगारी शिकवणारा द्या, मग बघा. पुतळ्याच्या चबुतऱ्याला आपल्याकडे पैसे मिळतात, तेवढ्यात हे होईल.

एवढ्या तावातावानं का बोलतो, तेही सांगून टाकतो. मी बारा वर्षांचा असताना काकांची छर्ऱ्याची बंदूक माळ्यावरून काढली. शिकवणारं कोणी नव्हतं. पाण्याच्या हौदावर होला बसला होता. मी नेम धरला, घोडा ओढला. होला उडाला, छर्रा हौदाच्या दगडावर आपटून वळला आणि मागे चिंचा वेचणाऱ्या धाकट्या चुलतभावाला लागला. डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. मोठी माय ओरडत आली, त्याच्या तोंडावर पदर दाबला, आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काय कयं रे तू हाई?"

छर्रा काढायला डॉक्टर धजले नाहीत. आज तो साठीला आला, छर्रा अजून गालात आहे. थंडीत दुखतो. कधी मला चिडवायला माझं बोट धरून तिथे टेकवतो. "लाग रे बोट. तुना नेम शे तो," म्हणतो आणि हसतो. मला अजून हसता येत नाही.

ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक बापाला मी आधी त्याच्या घरी पाठवतो, गाल दाखवायला. रायफलीचं त्यानंतर बोलतो.