वासराचा गुडघा आणि तापलेला विळा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वैजापूर तालुक्यात एका वस्तीवर गेल्या श्रावणात मी 12 दिवसांची लाल कंधारी कालवड पाहिली. पुढचा उजवा गुडघा मोसंबीएवढा सुजलेला, त्यावर तापलेल्या विळ्याच्या तीन आडव्या रेघा, आणि बेंबी हलकेच दाबताच दुर्गंधी पू. “उड्या मारताना लचकली, म्हणून डागली,” मालक म्हणाले. बेंबीकडे कोणी पाहिलेच नव्हते.

डागल्याने जनावरे सुधारलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत, हा जुन्याजाणत्यांचा मुख्य दाखला. आणि तो खोटा ठरविण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु जी लचक चार दिवसांच्या विश्रांतीने आपोआप बरी व्हावयाची, तिचे श्रेय विळ्याच्या पदरी पडते, आणि जी वासरे डागूनही कायमची लंगडी झाली किंवा दगावली, त्यांची नोंद नशिबाच्या खाती होते, हे या अनुभवाचे खरे स्वरूप आहे. व्यालेल्या गाईच्या गोठ्यातील शेणमुताचे जंतू ओल्या नाळेवाटे रक्तात आणि रक्तावाटे सांध्यात शिरून आतील कूर्चा कुजवीत असता वरची कातडी जाळल्याने आतला पू कसा निघावा? उलट एक नवी जखम मात्र होते. लचकेत बहुधा एकच पाय दुखतो आणि वासरू आचळाला लुचते. नाळेवाटे होणाऱ्या या सांध्याच्या रोगात मात्र ते मलूल होऊन पिणे सोडते, ताप 103 अंशांच्या वर जातो, सांधा ऊन लागतो आणि पुष्कळदा एकाहून अधिक सांधे सुजतात. जन्मतःच खूर मागे वळलेला असेल, परंतु सांधा ऊन नसेल, तर तो आखडलेल्या शिरांचा, निराळाच विकार समजावा.

दुसरा समज याहून घातक, कारण तो मायेच्या पोटी जन्मलेला आहे: जार पडेपर्यंत चीक पाजू नये. गाईच्या पोटात असता वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती पहिल्या काही तासांत सर्वाधिक असून सुमारे 24 तासांत संपते. वासराच्या लुचण्याने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणजे जार पडण्यास विलंब होण्याऐवजी साहाय्यच होते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर चीक हवा, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. खरवसाची हौस त्यानंतर भागवावी.

दवाखाना लांब आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. परंतु बेंबीपासून दोन इंचांवर नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून, उकळलेल्या पात्याने कापून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडविणे, दोन-तीन दिवस ती आयोडीनमध्ये बुडवीत राहणे आणि अंथरूण कोरडे ठेवणे, यांस दवाखाना लागत नाही. सूज दिसताच मात्र त्याच दिवशी 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकाला बोलवावे, कारण प्रतिजैविकांची इंजेक्शने आणि गरज पडल्यास सांधा धुऊन काढणे हा इलाज पहिल्या एकदोन दिवसांतच खरा फळतो. आणि सूज ओसरली म्हणून औषध मध्येच बंद करू नये.

त्या कालवडीला इंजेक्शने मिळाली, परंतु सूज दिसल्यापासून सहाव्या दिवशी. ती जगली, गुडघा मात्र आखडलेलाच राहिला.