आरोग्याचा जमाखर्च

गरिबाचे रुग्णालयातील देयक सरकारी तिजोरीतून भागविले की आरोग्यसेवेचा प्रश्न सुटला, असे मानणारा प्रबळ पक्ष आज आपल्याकडे आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव धारण करणारी जन आरोग्य योजना अनेकांच्या जिवावरचे संकट टाळणारी ठरली, हे मला मान्य आहे. परंतु त्यावरून विमा हेच खर्चाला आळा घालण्याचे साधन होय, असा जो सिद्धान्त काढला जातो, तो सर्वथा अग्राह्य आहे.

विम्याने देयक कोणी भरावे एवढेच ठरते. ते किती व्हावे, किंबहुना मुळात व्हावे की नाही, हे उपचार करणारा ठरवितो, आणि वेदनेने गांजलेला रुग्ण त्याच्याशी घासाघीस करू शकत नाही. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या काळात बिहार-छत्तीसगढमध्ये गरज नसता स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, त्या याच व्यवस्थेच्या पोटी जन्मल्या. शिवाय रक्तदाबाची जी रोजची गोळी विकत घेता घेता कुटुंब जेरीस येते, ती मुख्यत्वे दाखल रुग्णांसाठी आखलेल्या या योजनांच्या कक्षेबाहेर राहते. गोळी चुकून पक्षाघात झाला म्हणजे मग तिजोरी उघडते.

याउलट तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापिले: आवश्यक औषधांची मोजकी यादी, जेनेरिक नावाने निविदा, वाटपापूर्वी नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती एक पासबुक, ज्यात त्याच्या वाट्याची रक्कम व उचललेला माल यांची नोंद राहते. एकवटलेली खरेदी म्हणजे लाचलुचपतीचे आगर, हा आक्षेप जुना आहे. पण जिथे प्रत्येक खेपेचा हिशेब दप्तरी उघडा असतो, तिथे त्याला फारसा आधार उरत नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली, २०२३ मध्ये निराळे प्राधिकरण निर्मिले. मात्र कचेरी बदलल्याने काही साधत नाही, शिस्त ती तपासणीची व पासबुकाची हवी.

औषधाइतकाच तो घरापर्यंत पोचविणारा गावातला हातही हवा. त्यावर दुसरा आक्षेप असा की, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती उपचार देणे धोक्याचे. जामखेडला डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून केलेले कार्य हेच त्याला उत्तर आहे. आणि गडचिरोलीत तर डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ खेड्यांतील स्त्रियांना अर्भकाचे श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक टोचणे शिकविले, तेव्हा ही सेवा नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले, आणि त्याच पद्धतीने आज देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात.

म्हणून विम्याच्या तरतुदीत पुढची वाढ करण्यापूर्वी अर्थखात्याने दोन गोष्टींना मंजुरी द्यावी: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाची औषधे बारमाही विनामूल्य, आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशेला नियमित वेतन.