अश्वविद्या आणि अक्षविद्या

शर्यतीचें एखादें मैदान कायमचें बंद झाल्याची वार्ता आली म्हणजे आमच्या सुशिक्षित समाजांत दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. नीतिप्रिय मंडळी म्हणतात, 'बरें झालें, जुगाराचा एक अड्डा कमी झाला.' व्यवहारदक्ष मंडळी म्हणतात, 'बरें झालें, एवढी जागा घोड्यांसाठीं अडवून ठेवणें हा चैनीचा कळसच होता.' या दोन मंडळींचें एरव्हीं एकमेकांशीं फारसें पटत नाहीं. परंतु घोड्याला हांकलून देण्याच्या कामीं त्यांचें विलक्षण एकमत होतें. याखेरीज तिसरा एक वर्ग आहे, तो कांहींच बोलत नाहीं. ज्यानें पैजेवर कधीं फारसा पैसा लावला नाहीं, पण अमुक घोडा अमुक वळणावर गर्दींतून कसा बाहेर आला हें ज्याला वीस वर्षांनंतरही लख्ख आठवतें, असा हा साधा प्रेक्षक होय. त्याच्या आठवणी हिशेबाच्या कोणत्याच रकान्यांत बसत नसल्यामुळें त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. त्याचें वकीलपत्र आज आम्हीं घेतलें आहे.

वाद मोघम राहूं नये म्हणून एक उदाहरण घेतों. शिकागो शहराच्या वायव्येस आर्लिंग्टन हाइट्स नांवाचें गांव आहे. तेथील आर्लिंग्टन पार्क हें मैदान १९२७ सालीं सुरू झालें आणि २५ सप्टेंबर २०२१ रोजीं तेथें शेवटची शर्यत झाली. विद्यार्थिदशेंत कांहीं काळ त्या शहरीं राहण्याचा योग आम्हांस आला होता, म्हणून हें मैदान आम्हांला परकें वाटत नाहीं. त्याच्या ९४ वर्षांच्या आयुष्यांत कोण कोण तेथें धांवून गेलें, हें प्रथम पाहूं.

२४ ऑगस्ट १९६८ रोजीं डॉक्टर फेगर नांवाच्या घोड्यानें पाठीवर १३४ पौंडांचें ओझें घेऊन एक मैल अंतर १ मिनिट ३२ सेकंद आणि वर एक पंचमांश सेकंद एवढ्या वेळांत तोडलें. तो त्या काळचा जागतिक विक्रम होता. घोड्याचें हें नांव विचित्र वाटेल. पण ज्या शल्यवैद्यानें या घोड्याच्या शिक्षकाचे प्राण वांचविले होते, त्याचें नांव कृतज्ञतेनें घोड्याला दिलेलें होतें. १९७३ च्या जूनमध्यें सेक्रेटेरिएट याच मैदानावर आला. तीन आठवड्यांपूर्वींच बेलमाँटची शर्यत ३१ घोडे-अंतरानें जिंकून त्यानें साऱ्या देशाला वेड लावलें होतें. येथें त्याच्याशीं स्पर्धा करावयास तीनच घोडे उभे राहिले, आणि त्यांच्यापुढें नऊ घोडे-अंतरानें तो निघून गेला.

पण आर्लिंग्टनचा खरा मानकरी जॉन हेन्री. १९७५ सालीं जन्मलेला हा घोडा. गुडघे सदोष, अंग किरकोळ, आणि स्वभाव असा कीं पागेंतल्या पत्र्याच्या बादल्या भिंतीवरून ओढून काढून तुडवाव्या. म्हणून घणाचे घाव घालणाऱ्या लोककथेंतील मजुराचें नांव त्याला मिळालें. एका लिलांवांत तो अवघ्या ११०० डॉलरांस विकला गेला होता. स्वभाव आवरेना म्हणून त्याला आख्ता केलें, म्हणजे वंशवृद्धीच्या बाजारांतही त्याची किंमत शून्य झाली. अशा घोड्यानें १९८१ सालीं पहिली 'आर्लिंग्टन मिलियन' ही दहा लक्ष डॉलरांची शर्यत जिंकली, आणि तीही केवळ नाकभर अंतरानें. दूरचित्रवाणीवाल्यांनीं आधीं 'द बार्ट' या दुसऱ्याच घोड्याला विजयी ठरवून टाकलें; छायाचित्र पाहिल्यावर निकाल फिरला. तीन वर्षांनीं, १९८४ सालीं, नवव्या वर्षीं त्यानें तीच शर्यत पुन्हां जिंकली. शर्यतीच्या घोड्याच्या आयुष्यांत नववें वर्ष म्हणजे वानप्रस्थाश्रमच.

आणि १३ जुलै १९९६ रोजीं सिगार. त्या दिवशीं चौतीस हजारांवर माणसें जमलीं होतीं आणि त्यांत आम्हीही कठड्यापाशीं उभे होतों. आमच्या खिशांत परतीच्या आगगाडीच्या भाड्याखेरीज फारसें कांहीं नव्हतें, तेव्हां पैज लावण्याचा मोह होण्याचा प्रश्नच नव्हता. लागोपाठ पंधरा शर्यती जिंकलेला हा घोडा त्या दिवशीं सोळावी जिंकून सायटेशन या पूर्वसूरीच्या बरोबरीस बसणार कीं नाहीं, एवढ्यासाठींच लोक आले होते. सर्वांत अधिक वजन पाठीवर घेऊन तो बाहेरच्या बाजूनें आला, आणि शेवटच्या सरळ रेषेंत तो पुढें होतांच जो गजर झाला त्यांत पैज जिंकलेल्यांचा आवाज किती होता आणि नुसत्या कौतुकाचा किती, हें कोणाला सांगतां आलें नसतें.

'हें सारें ठीक, पण या प्रेमाच्या मुळाशीं पैसाच ना?' असें नीतिप्रिय मंडळी विचारतील. त्यांना उत्तर ऐका. सिगार निवृत्त झाल्यावर तो प्रजोत्पादनास असमर्थ असल्याचें आढळून आलें. जॉन हेन्री तर आख्ताच होता. हे दोघेही पुढें केंटकी राज्यांतील लेक्झिंग्टन येथील अश्वोद्यानांत राहिले. जॉन हेन्री २००७ मध्यें आणि सिगार २०१४ मध्यें वारला. तेथें त्यांच्यावर पैज लागत नव्हती, त्यांच्या पोटीं विकण्याजोगें शिंगरूं येणार नव्हतें. तरीसुद्धां लोक वर्षानुवर्षें, मुलांना बरोबर घेऊन, त्यांना नुसतें पाहावयास जात. ज्या प्रीतींतून पैजही वजा केली आणि किंमतही वजा केली, तरी जी उरते, तिला जुगार म्हणणें हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

आतां हें मैदान बंद कसें पडलें तें पाहूं. कारण आमच्या वादाचें मर्म तेथें आहे. ३१ जुलै १९८५ रोजीं आर्लिंग्टनचें भव्य प्रेक्षागार आगींत भस्मसात झालें. त्यानंतर अवघ्या २५ दिवसांनीं, जळक्या सांगाड्याशेजारीं तंबू उभारून, तीच दहा लक्षांची शर्यत ठरल्या दिवशीं पार पाडण्यांत आली. पुढें नवें प्रेक्षागार उभें राहिलें. पण जें आगीला साधलें नाहीं तें ताळेबंदानें साधलें. २००० सालीं हें मैदान चर्चिल डाउन्स या मोठ्या कंपनीकडे गेलें. २०१९ सालीं इलिनॉय राज्यानें कायदा करून शर्यतीच्या मैदानांना कॅसिनोचे खेळ चालविण्याची मुभा दिली. शर्यती जगाव्या, हाच या मुभेचा हेतु होता. कारण त्या उत्पन्नांतला कांहीं वांटा घोड्यांच्या बक्षिसांसाठीं द्यावयाचा होता. परंतु कांहीं मैलांवर डेस प्लेन्स येथें एक कॅसिनो होता, आणि त्यांतला निम्म्याहून अधिक हिस्सा याच कंपनीनें विकत घेतला होता. घोड्यांना वांटा दिल्यास धंदा परवडणार नाहीं, असें सांगून कंपनीनें परवान्यासाठीं अर्जच केला नाहीं. दोन वर्षांत शर्यती संपल्या. २०२३ सालीं ती ३२६ एकर जमीन १९ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस एका फुटबॉल संघाला विकली गेली आणि प्रेक्षागार पाडून टाकण्यांत आलें. कॅसिनो मात्र चालूच आहे.

नीतिप्रिय वाचकहो, येथें पराभव कोणाचा झाला? जुगाराचा खास नव्हे. जुगारानें आपल्या अंगावरचें घोड्याचें ओझें तेवढें उतरवून ठेवलें.

हें एकच उदाहरण असतें तर तो योगायोग म्हणून सोडून देतां आला असता. परंतु मकाव पाहा. सारें शहर जुगारावर जगतें अशी ज्याची ख्याति, तेथील घोड्यांच्या शर्यती तोट्याचें कारण देऊन १ एप्रिल २०२४ पासून बंद झाल्या. सिंगापूर पाहा. तेथें १८४२ सालापासून शर्यतींची परंपरा. २०११ सालीं दुबईची मोठी शर्यत जिंकणारा रॉकेट मॅन हा तेथलाच लाडका घोडा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं क्रांजी येथील मैदानावर शेवटची शर्यत होऊन ती परंपरा संपली. सरकारनें घरांसाठीं जमीन हवी हें कारण दिलें आणि प्रेक्षक ओसरल्याचेंही सांगितलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्याच शहरांत २०१० सालीं उघडलेले दोन कॅसिनो जागेच्या टंचाईंतही सुखरूप आहेत. आमच्या शेजारीं गोव्यांत मांडवीच्या पात्रांत कॅसिनोच्या बोटी नांगर टाकून उभ्या आहेत; तेथें एकही घोडा नाहीं, म्हणून जुगार कमी पडला आहे असें कोणी म्हणेल काय?

आमच्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. नळराजानें फाशांपायीं राज्य घालविलें, पण ऋतुपर्णाचा रथ हांकण्याचें अश्वविद्येचें सामर्थ्य त्याच्यापाशीं शिल्लक होतें, आणि त्या विद्येच्या मोबदल्यांतच पुढें त्याचें दैव फिरलें. विराटाच्या घरीं कंक सभेंत फांसे टाकीत बसला आणि ग्रंथिक पागेंत घोड्यांची निगा राखीत राहिला. अक्षविद्या आणि अश्वविद्या या दोन वस्तु आहेत. त्या एका ठिकाणीं नांदल्या म्हणून एक होत नाहींत. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही मद्रासच्या रेस क्लबाच्या खटल्यांत १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा विषय आहे असा निर्णय दिला. सरकारी कराच्या वहींत मात्र हा विवेक नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीचा घोडा, कॅसिनोचें यंत्र आणि लॉटरीचें तिकीट यांना शेंकडा ४० च्या एकाच रांगेंत उभें करण्यांत आलें आहे.

प्रतिपक्षाचे दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला, रेसच्या नादानें संसार धुळीस मिळाले. मिळाले, यांत शंका नाहीं. मध्यमवर्गांतील कुटुंबांना हें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. परंतु मैदानावर निदान दोन शर्यतींच्या मध्यें अर्धा तास जात असे, घरीं परतावें लागे, आणि हंगाम संपला म्हणजे दरवाजे बंद होत. आजचा जुगार खिशांतल्या यंत्रांत बसून मध्यरात्रींही हांक मारतो. पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेला २०२५ सालीं करावा लागला, तो कांहीं घोड्यांनीं केलेल्या अनर्थामुळें नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो घोड्याच्या हालांचा. आर्लिंग्टन येथेंच २००६ च्या हंगामांत पाय मोडून इतके घोडे मेले कीं पुढच्या वर्षीं मैदानाची माती काढून कृत्रिम पृष्ठभाग घालावा लागला. या बाबतींत शर्यतीच्या धुरिणांची बाजू आम्ही घेत नाहीं. घोड्याला आंकडा समजणारे पहिले लोक तेच होते. म्हणून आंकडा परवडेनासा होतांच त्यांना घोडा सोडतां आला. पण मैदान बंद केल्यानें घोड्याचे हाल थांबतात, हें मात्र खरें नाहीं. आर्लिंग्टनची ती प्रसिद्ध शर्यत आज व्हर्जिनिया राज्यांत होते. मोल असलेले घोडे दुसऱ्या मैदानांवर जातात, आणि मोल संपलेल्या घोड्यांचें पुढें काय झालें हें विचारणारा प्रेक्षकच उरत नाहीं. हालांवर उपाय म्हणजे चांगली जमीन, कडक वैद्यकीय तपासणी आणि निवृत्तीनंतरचें कुरण. या तिन्हींना पैसा लागतो, आणि नेमका तोच पैसा द्यावयास कॅसिनोवाले तयार नाहींत.

आतां आमच्या घरचा प्रश्न. मुंबईचें महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालचें. १९४३ पासूनची इंडियन डर्बी ही तेथली. २०२४ सालच्या निर्णयानुसार तेथील २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं महानगरपालिकेकडे आणि ९१ एकर शर्यतीच्या क्लबाकडे, अशी वांटणी ठरली. उद्यानाला आमचा विरोध नाहीं. श्वास घ्यावयास जागा नसलेल्या शहरांत मुलांना हिरवळ मिळत असेल तर क्लबाच्या सभासदांची गैरसोय आम्ही आनंदानें सोसूं. महाराष्ट्रानें १९७६ चा कधींच अमलांत न आलेला कॅसिनोंचा कायदा २०२३ सालीं रद्द केला, याबद्दलही सरकारचें अभिनंदन केलें पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उरलेल्या ९१ एकरांवर उद्यां कोणाची दृष्टि गेली, आणि ती जाणारच, तर नीतीचा बुरखा पांघरून कोणी येऊं नये. त्यानें प्रथम सांगावें कीं तेथें हिरवळ राहणार कीं इमला उठणार. आणि मग सांगावें कीं पागेंतल्या घोड्यांना कोठें नेणार, आणि त्यांच्या दाण्यावैरणीचा खर्च कोण सोसणार. या प्रश्नांचें उत्तर ज्याच्यापाशीं नाहीं, त्याला जागा हवी आहे, नीति नव्हे. आणि त्याच्या हातीं जागा जाऊं न देणें हें ज्यानें जन्मांत रेसचें तिकीट घेतलें नाहीं अशा गृहस्थाचेंही कर्तव्य आहे.