नाव कोणाचे, इतिहास कोणाचा? बीडीडी चाळी पडताना काही प्रश्न

२०२२ साली राज्य सरकारने मुंबईतील तीन बीडीडी चाळ वसाहतींसाठी नवी नावे ठरवली. वरळीला बाळासाहेब ठाकरे यांचे, नायगावला शरद पवार यांचे आणि ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी यांचे. तेव्हा सत्तेत पक्ष तीन होते आणि वसाहतीही तीन. प्रत्येकाच्या वाट्याला एक आली. ज्या माणसांनी या खोल्यांत चार पिढ्या काढल्या, त्यांच्या इतिहासातले एकही नाव मात्र या वाटणीत नव्हते.

आता १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत जन्म काढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे स्वतःच्या मालकीचे घर मिळते, याचा आम्हाला आनंद आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहण्यात कसलेही काव्य नव्हते. जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथे एक पावसाळा काढून दाखवावा. त्यामुळे चाळ पडते याचे दुःख आम्ही करत नाही. तिच्याबरोबर काय काय गाडले जाणार, हा आमचा प्रश्न आहे.

ब्रिटिश सरकारने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीत १२, अशा एकूण २०७. एका चाळीत ८० खोल्या. एवढी आकडेवारी कोणत्याही सरकारी माहितीपत्रकात सापडेल. त्या खोल्यांमध्ये जात कशी राहत होती, हे तिथे सापडणार नाही.

गाव सोडून आलेल्या आपल्या माणसांना शहरातही जात चुकली नाही. गिरणीत जास्त पगाराचे काम विणकाम खात्यात होते आणि तिथेच अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने चोखावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. स्वतः बाबासाहेबही परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले होते. चाळीतले जगणे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. म्हणजे लढायचे कधी सोबत आणि कधी सोबत्याशीच, हे गिरणगावाने आपल्याला फार लवकर शिकवले.

मग आले १९७४ साल. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. दलित अत्याचारांकडे सरकार डोळेझाक करते म्हणून दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली होती. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या आणि दंगल पेटली. ती वरळीपुरती राहिली नाही, नायगावातही पोहोचली. १० जानेवारीच्या मोर्चावर परळमध्ये वरून दगड टाकण्यात आला आणि भागवत जाधव शहीद झाले. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दंगलीच्या चौकशीसाठी न्या. भस्मे आयोग नेमला गेला.

हा इतिहास अडचणीचा आहे. कारण इथे दगड मारणारा कोणी परका जमीनदार नव्हता. एकाच भोंग्याला उठणारे, एकाच फाटकातून आत जाणारे कामगार एकमेकांसमोर उभे ठाकले होते. वर्ग एक असूनही जात कशी दुभंगवते, हे समजून घ्यायचे असेल तर वरळीची ती जानेवारी वाचावी लागते.

चाळ संग्रहालय म्हणून जपण्याची भाषा अधूनमधून कानावर येते. त्याला आमचा विरोध नाही. पण त्या संग्रहालयात काय असेल याचा अंदाज आम्हाला आजच येतो. पितळी भांडी, स्टोव्ह, कबड्डीच्या ढाली, गणपतीचा मंडप, दहीहंडीची छायाचित्रे आणि ‘सगळे कसे एका कुटुंबासारखे राहायचे’ असा फलक. ५ जानेवारी १९७४ चा फलक त्यात असेल का? भागवत जाधव यांचे छायाचित्र असेल का? धोट्याची गोष्ट कोणी सांगेल का? बुद्ध विहारात रात्री जागून अभ्यास केलेल्या आणि पहिल्यांदा पदवी घेतलेल्या मुलामुलींची नोंद असेल का? नसेल, तर ते संग्रहालय म्हणजे जात पुसून काढलेली चाळ ठरेल.

काही जण म्हणतात, ‘घर मिळाले ना, मग नावात काय आहे?’ हे आम्हाला सांगू नका. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या वर्षांत आपल्या माणसांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नावात काही नसते तर विरोध करणारे एवढे पेटले का असते? आणि नावात काही नसते तर तीन पक्षांनी तीन वसाहती वाटून का घेतल्या असत्या? ज्यांच्या हाती सत्ता असते ते नावाची किंमत ओळखतात. नाव महत्त्वाचे नाही असे फक्त आपल्यालाच सांगितले जाते.

दुसरा आक्षेप असा की चाळ सर्वांची होती, तुम्ही फक्त आपलेच काय घेऊन बसलात? होय, चाळ सर्वांची होती. कोकणातला गिरणी कामगार, १९८२ च्या संपात देशोधडीला लागलेले कुटुंब, खानावळ चालवणारी बाई, पोलीस शिपाई, सर्वांचा इतिहास लिहिला गेला पाहिजे. पण सर्वांचा म्हणजे आपला वगळून नव्हे.

तेव्हा आंबेडकरी तरुणांनो, केवळ निवेदने देऊन हे होणार नाही. १९७४ साली जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे मोबाईल घेऊन बसा. कोणत्या गावाहून आलात, कोणत्या गिरणीत होतात, त्या रात्री कुठे होतात, हे त्याच्याच आवाजात नोंदवा. घरातल्या आजीलाही विचारा. दंगलीत संचारबंदी असताना चूल कशी पेटवली, हे तिच्याशिवाय कोणी सांगणार नाही. सामान हलवताना जुनी ट्रंक रद्दीत जाऊ देऊ नका. भाडेपावत्या, जयंतीच्या पत्रिका, मंडळाची इतिवृत्ते, मोर्चाची छायाचित्रे, हे सगळे पुरावे आहेत. त्यांच्या प्रती काढा आणि एका ठिकाणी ठेवा. ज. वि. पवारांनी आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास खंडाखंडांनी लिहिला. वस्तीचा इतिहास आता वस्तीने लिहायचा आहे.

आणि संघटनांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. नव्या आराखड्यात विहार आणि अभ्यासिकेची जागा नकाशावर दाखवा. भस्मे आयोगाचा अहवाल वसाहतीच्या वाचनालयात सर्वांना वाचायला ठेवा. वरळीत भागवत जाधव आणि पँथरच्या लढ्याचे कायमचे स्मारक उभारा. तोंडी आश्वासन घेऊन कोणी परतू नये. नव्या सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत हे विषय आपणच मांडले पाहिजेत. तिथे आपण गप्प राहिलो, तर उद्या लिफ्टच्या शेजारच्या फलकावर काय लिहायचे ते दुसराच कोणी ठरवेल.

पाचशे फुटांचे घर आपण हक्काने घेतले. त्या घराच्या पायात कोणाचे रक्त आहे, हे सांगण्याचा हक्कही तितक्याच ठामपणे घेऊ.

जय भीम!