मुद्दाम केलं का? रेफरी ते विचारतच नाही

आज धंद्यावर येण्याआधी जरा मैदानावर जाऊ.

मुलींच्या फुटबॉलची मॅच बघताना एखादी पडली, की बाजूला बसलेला माणूस लगेच निकाल देतो, "मुद्दाम पाडलं! बायका डूख धरतात." तिच्या मनातलं याला कसं दिसलं, देव जाणे. रेफरी मात्र मनात शिरत नाही. नियम क्रमांक 12 त्याला वेगळंच बघायला सांगतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरचीला लागेल याची पर्वाच केली नाही, तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून तिला धोक्यात घातलं, तर लाल, सरळ बाहेर.

चेंडू हाताला लागला तर 'मुद्दाम' हा शब्द नियमात आहे. पण तिथेही बघायचं हाताकडेच. हात चेंडूकडे गेला का? आणि मुद्दाम नसलं तरी, हात विनाकारण पसरलेला असेल तर फाउलच. 6 फेब्रुवारी 2022 ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला आशिया चषकाची फायनल झाली. चिनी खेळाडूच्या हाताला चेंडू लागला म्हणून दक्षिण कोरियाला पेनल्टी मिळाली आणि मध्यंतराला कोरिया 2-0 ने पुढे. उत्तरार्धात तेच कोरियावर उलटलं. चीनला पेनल्टी मिळाली आणि शेवटी चीन 3-2 ने जिंकला. मला हा नियम कधीकधी कडक वाटतो. धावताना हात ठेवायचे तरी कुठे? पण माप दोघींना एकच लागलं.

आता माझं ऐका. वाशिमला माझं हळद-मसाल्याचं छोटं युनिट होतं. पॅकिंगच्या ताईंनी एकदा नव्या मालावर जुन्या बॅचची लेबलं लावली. आदल्याच दिवशी उचलीवरून आमची कुरबुर झालेली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हे तुम्ही मुद्दाम केलंत." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. खरं काय होतं, मला आजही माहीत नाही. जुनी लेबलं त्याच डब्यात ठेवली होती मी, एवढं मात्र नक्की.

तुम्ही दोन माणसं कामाला ठेवाल तेव्हा हा प्रसंग येणारच. तेव्हा एवढंच बघा: लक्ष नव्हतं, की दोनदा सांगूनही पर्वा केली नाही, की गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ झाला? पहिल्याला समजावून काम परत करून घ्या. दुसऱ्याला लेखी ताकीद. मालात भेसळ केली असेल तर हेतू विचारत बसू नका, त्याच दिवशी हिशेब करून मोकळे व्हा. मात्र हे नियम पहिल्या दिवशीच सांगायचे, भिंतीवर लावायचे. मॅच सुरू झाल्यावर नियम सांगणाऱ्या रेफरीचं कोण ऐकेल?

त्या ताई आता रिसोडला स्वतःचे पापड विकतात असं ऐकलंय. अजून भेटायला गेलो नाही.